बारा आण्यांची सकाळ

माझ्या नोंदीवर कोणी बोट ठेवलं की माझं टाळकं सटकतं. त्या मार्चमध्ये जीवरामसाहेबांनी नेमकं तेच केलं. टेबलावर माझं रजिस्टर उघडं पडलं होतं, शेजारी त्यांचा चहा गार होत होता, आणि चष्मा काढून ते मला म्हणाले, "अभिमन, तू रोज पहाटे जात होतास ना रे?"

मी खुर्ची मागे ढकलून उभाच राहिलो. "साहेब, बावीस वर्षं झाली मला या वेधशाळेवर. चिखल तुडवत गेलोय, अंगात ताप घेऊन गेलोय. विश्वास नसेल तर दुसरा माणूस बघा. ही घ्या किल्ली."

"बस रे बाबा, बस. तुला कुठं काय म्हणतोय मी? हे आकडेच असे आहेत. असं कुठं असतं का?"

आता आकडे कसले ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा अर्ध्यातूनच सुरू झाला. ही गोष्ट एक्क्याण्णवची. शिरपूर तालुक्यात अनेर नदीच्या काठी आमचं छोटंसं शेतकी केंद्र आणि त्याच्या आवारात हवामानाची वेधशाळा होती. भोवती सगळी केळी. थंडीत धुळ्याकडचा पारा कसा उतरतो ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण नदीकाठच्या खोलगट रानात तो त्याहून खाली जातो. पहाटे गवतावरचं दहिवर गोठून मिठासारखं पांढरं दिसतं. बघणाऱ्याला मजा वाटते, केळीचा मात्र जीव जातो. दोन दिवसांत पानं उकळतं पाणी ओतल्यासारखी काळी पडतात आणि वर्षभर जपलेला घड जिथल्या तिथं थांबतो.

त्यावर उपाय आहे. संध्याकाळी बागेला पाणी भरायचं, पहाटे बांधावर ओल्या पाल्याचा धूर करायचा. पण रोज कोण करणार? माणसं थकतात, पाला संपतो, आणि वीज तर तिच्या मर्जीने येते. म्हणून उद्या पहाटे गोठणार की नाही हे आदल्या संध्याकाळी कळलं पाहिजे. जीवरामसाहेब शिकलेले माणूस, आणि मनाने भले. ते म्हणाले, गोठेल किंवा गोठणार नाही असं छातीठोक सांगणारा खोटारडा असतो. शक्यता किती ते सांगायचं. शंभरात तीस, शंभरात सत्तर. आणि मग ते तपासायचं. दहा संध्याकाळी तीस टक्के म्हटलं, तर त्या दहांपैकी तीन सकाळी गोठलं पाहिजे. एकदाही गोठलं नाही तरी तुम्ही चुकलात, आणि दहाही वेळा गोठलं तरी चुकलातच. मला हे पहिल्यांदा ऐकून हसू आलं होतं, पण विचार केला तर बरोबर आहे.

माझं काम साधं होतं. संध्याकाळी गवताजवळ दोन खुंट्यांवर थर्मामीटर आडवा ठेवायचा. त्याच्या नळीत एक बारीक काळी काडी असते. थंडी वाढेल तशी ती मागे सरकते आणि सगळ्यात थंड आकड्यावर थांबून राहते. पहाटे जाऊन काडी कुठं आहे ते बघायचं, गवतावर बर्फ आहे का ते बघायचं, आणि रजिस्टरात लिहायचं.

रजिस्टरात एक कॉलम साहेबांच्या टक्क्यांचा होता आणि एक आधारआबाचा.

आधारआबा म्हणजे गावचा जुना कोतवाल. चाळीस वर्षं तलाठ्याच्या मागे बांधाबांधाने हिंडला. तलाठी आणेवारी करायचा, म्हणजे बांधावर उभा राहून सोळा आण्यांपैकी पीक किती आणे आहे ते सांगायचा. असं म्हणतात की तलाठ्याच्या आधी आबाच पुटपुटायचा आणि तलाठी तेच लिहून घ्यायचा. त्यामुळे म्हाताऱ्याच्या जिभेला दुसरं मापच ठाऊक नव्हतं. देवळातली गर्दी बारा आणे, सुनेचा स्वयंपाक नऊ आणे. संध्याकाळी तो आमच्या कुंपणाशी येऊन बसायचा, उजवा तळहात जमिनीवर पालथा ठेवायचा आणि उठता उठता सांगायचा, "आज चार आना शे." म्हणजे गोठायची शक्यता सोळांत चार. एवढं सांगून निघाला घराकडे. गावातले लोक त्याच्या आण्यांवर धूर करायचे, साहेबांच्या टक्क्यांवर नाही. साहेबांना याची गंमत वाटली आणि त्यांनी मला आबाचे आणेही लिहून ठेवायला सांगितले.

असे दोन हिवाळे गेले. दुसरा संपल्यावर साहेबांनी हिशोब मांडला. त्यांचे टक्के सपशेल पडले होते, पण ते त्यांनी हसून सोडून दिलं. मग आबाचा कॉलम घेतला.

आबाने दोन आणे म्हटलेल्या संध्याकाळी चौसष्ट. त्यांतल्या आठ सकाळी गोठलं. चार आणे म्हटलेल्या बत्तीस, गोठलं आठदा. आठ आण्यांच्या सोळा, गोठलं आठदा. बारा आण्यांच्या सोळा, गोठलं बारा वेळा. एक इकडे नाही की एक तिकडे नाही.

"असेल की," मी म्हणालो. "म्हातारा मुरलेला आहे."

"मुरलेला असला तरी असं होत नाही रे. नाणं सोळा वेळा उडवलं तर बरोबर आठच छापे पडतात का? सहा पडतील, दहा पडतील." साहेबांनी दुसरा कागद पुढे केला. "मी दोन हिवाळे वेगळे केले. पहिल्या हिवाळ्यात आठ आण्यांच्या आठ संध्याकाळी, गोठलं चारदा. दुसऱ्यातही आठ, चारदा. मग सम तारखा वेगळ्या केल्या, विषम वेगळ्या. कसंही कापलं तरी तेच. पोळपाटावर मापून कापल्यासारखं."

असं म्हणून त्यांनी चष्मा काढला आणि मला तो प्रश्न विचारला. माझ्या आरडाओरड्यापुढे बिचारे वरमले. रजिस्टर पिशवीत घालून म्हणाले, "ठीक आहे. उद्या पुण्याला परिसंवाद आहे, तिथं मांडतो. शनिवारी येईन." आणि चहा तसाच टाकून गेले.

आता तुमच्यापासून काय लपवायचं. एक सकाळ मी गेलो नव्हतो.

जानेवारीतली गोष्ट. गुडघे ठणकत होते, बाहेर कुत्रं जाणार नाही असा गारठा, आणि माझ्या अंगावर दोन गोधड्या. आबाने आदल्या संध्याकाळी बारा आणे सांगितले होते. रजिस्टर खरं तर केंद्रात ठेवायचं असतं, पण मी ते घरी आणत असे. म्हटलं, बारा आणे म्हणजे गोठलंच असणार. पलंगावर पडल्या पडल्या रजिस्टर ओढलं, लिहिलं, 'गोठले. उणे अर्धा अंश.' आणि पुन्हा तोंडावर गोधडी घेतली. दुनियेत यापेक्षा मोठी पापं होतात.

सायकलवरून घरी जाताना मला हसूच यायला लागलं. म्हणजे बारा आण्यांच्या सोळा सकाळींत गोठलेलं मी अकराच वेळा बघितलं होतं! बारावा मी घातला होता. माझ्या आळसाने म्हाताऱ्याचं गणित जुळलं होतं, आणि साहेब ते पुण्याच्या विद्वानांना दाखवणार होते. ही मजा आबाला सांगितल्याशिवाय मला राहवेना. सायकल तशीच कुंपणाकडे वळवली. हिवाळा संपला होता, ऊन रणरणत होतं, तरी आबा आपल्या जागेवर होताच.

आमच्याकडे घरात-दारात सगळी अहिराणीच चालते. बाकीच्यांचं बोलणं मी तुमच्यासाठी सोपं करून सांगतो, पण आबाचं जसं होतं तसंच ठेवतो, कारण ते मला बदलता येत नाही.

मी हसत हसत सगळं सांगितलं. आबा हसला नाही.

"माले म्हाईत शे," तो म्हणाला. "त्या दिन मी आठेच बठेल होतू. तू वुना नही. आनि दहिवर बी गोठनं नही."

"मग झालं तर! तुमचा एक आणा चुकला, आबा. मी वाचवलं तुम्हाला."

"मनं चुकत नही." आपलं चुकत नाही हे त्याने गर्वाने सांगितलं नाही. पाय मोडलाय असं सांगावं तसं सांगितलं. "बारा सांगात ते बारा येतस. एक सकाय बाकी शे."

"बाकी म्हणजे? हिवाळा तर सरला."

"हिवाळा सरना म्हनीसन ते सांगस तुले. रानमा आते तिले जागा नही. जठे बठीसन तू लिखं, तठेच ती येई."

माझ्या अंगावर काटा आला, आणि काटा आला म्हणून मला रागही आला. "ती कोण? आणि हे तुम्हाला सांगतं तरी कोण रोज?"

आबाने जमिनीवरचा हात उचलून झटकला. "जी येनारी ऱ्हास, तीच सांगस," तो म्हणाला आणि काठी शोधू लागला.

मी सायकलवर टांग मारली. म्हातारचळ, दुसरं काय. पण पेट्रोल पंपाच्या वळणावर आलो आणि माझे पाय पेडलवर थांबले. मला घरातली शेगडी आठवली.

माझी मुलगी कोकिळा पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. नात होऊन नऊ दिवस झाले होते. आमच्यात बाळंतिणीला कितीही उन्हाळा असला तरी बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी लागते. घरात बाज एकच, म्हणजे माझा लोखंडी पलंग. तो मी लेकीला दिला होता आणि स्वतः ओट्यावर झोपत होतो. चार दिवसांपासून माझी बायको रुक्मा कुरकुर करत होती की पहाटे बघावं तर शेगडी विझलेली. मी कोळसेवाल्याला शिव्या घातल्या, ओला माल देतोस म्हणून. पण विझलेली शेगडी मी स्वतः पाहिली होती. कोळसा जळून विझला की राख होते. हे निखारे आख्खेच्या आख्खे काळे पडले होते, मध्येच कोणी तरी श्वास काढून घेतल्यासारखे. आणि त्या दिवशी सकाळी कोकिळा म्हणाली होती, "बाबा, हिचे पाय बघा ना, किती गार."

ज्या पलंगावर पडून मी ती नोंद लिहिली होती, त्याच पलंगावर माझी नऊ दिवसांची नात झोपत होती.

घरी पोचलो तेव्हा मी घामाने थबथबलो होतो. खोलीत गेलो. बाहेर अंगाची लाही होत होती आणि पलंगाच्या दांड्याला हात लावला तर विहिरीतून नुकता काढल्यासारखा गार. मला रडूच कोसळणार होतं. मी पोरीला गोधडीसकट उचललं आणि ओरडलो, "उठा, उठा! छपरात जनावर दिसलं!"

खरं सांगता आलं असतं. रुक्माने ऐकून घेतलं असतं, आधी चार शब्द सुनावून का होईना. पण साहेबांसमोर तासाभरापूर्वी छाती बडवून आलो होतो. आता बायको-लेकीसमोर मी कोणत्या तोंडाने सांगणार की मी खोटं लिहितो? साप म्हटल्यावर कोणी काही विचारत नाही. सव्वा महिन्याच्या आत बाळंतिणीला दुसऱ्या घरी हलवायचं म्हणून रुक्मा बडबडली, पण तिचा भाऊ पितांबर गल्लीच्या टोकालाच राहतो. मायलेकींना आणि रुक्माला तिकडे नेलं, शेगडी नेली, सगळं नेलं. पितांबर काठी घेऊन साप बघायला निघाला, त्यालाही मी थोपवलं. "तू राहू दे. दोन दिवस घर बंद ठेवतो, जाईल आपोआप."

मग मी विचार केला. नोंद करणाऱ्याचं काम काय? बघणं. मी न बघता लिहिलं होतं, तर आता बघून टाकू. एक सकाळ बाकी आहे ना? येऊ दे. मी हजर राहतो. केंद्रातून गवताचा थर्मामीटर धोतरात गुंडाळून आणला, पलंगावर दोन ठोकळे ठेवून त्यांवर आडवा मांडला, काडी पुढे आणून ठेवली. तीस अंश. दार लावलं आणि ओट्यावर जाऊन पडलो.

पहाटे पाचला उठून आत गेलो. कोंबडे आरवत होते, शेजारी लोटनच्या घरी कोणी तरी बादली आपटत होतं. दिवा लावला. काडी सव्वीसवर होती. मार्चमधल्या पहाटेला साजेशीच. मी स्टुलावर बसलो. मनात म्हटलं, अभिमन, तू पक्का येडा आहेस.

साडेपाचच्या सुमाराला बाहेरचे आवाज एकेक करून बंद झाले. आधी कोंबडे. मग बादली. माझा श्वास मला दिसायला लागला.

काडी डोळ्यांदेखत मागे सरकत होती. थर्मामीटरची काडी सरकताना कधी दिसत नाही हो, घड्याळाचा तास-काटा दिसतो का? पण ही दिसत होती. अठरा. अकरा. सहा. पलंगावरच्या गोधडीची ऊब गेली ते मला दोन हातांवरून जाणवलं. मग गोधडीच्या कडेला, ठिगळाच्या टाक्यांवर, बारीक पांढरे कण उगवायला लागले. आधी टाके, मग काठ, मग सगळी गोधडी. आणि मधोमध, जिथं मी छातीवर रजिस्टर घेऊन पडलो होतो तिथं, एक माणसाएवढी जागा कोरी राहिली. ती गोधडी त्या जागी दबलेली होती. तिथं वजन होतं.

मी पळालो नाही एवढंच म्हणेन. पाय उचलले असते तर पळालो असतो. माझ्या तोंडून कसाबसा आवाज फुटला, जसा मी रोज एकटा असताना मोठ्याने वाचतो तसा. "गोठले. उणे अर्धा अंश." काडी बरोबर तिथंच थांबली होती.

त्या दबलेल्या जागेतून काही तरी उठलं. दिसलं काहीच नाही. गोधडी फक्त हळूच फुगून वर आली, माणूस उठल्यावर येते तशी. लोटनची बादली पुन्हा वाजली. खिडकीतून तांबडं आलं आणि पांढरे कण पाणी होऊन गोधडीत मुरले. मी भिंतीला टेकून ढसाढसा रडलो. भीतीने नाही. सुटलो म्हणून.

तोंड धुऊन, ओली गोधडी अंगणात वाळत टाकली तेव्हा मला इतकं हलकं वाटत होतं की शिट्टी वाजवावी. आबा काठी टेकत आला आणि ओट्याच्या पायरीवर बसला.

"आली होती," मी म्हणालो. "बघितलं मी तिला. उणे अर्धा. फिटलं."

आबाने काठी पायाशी आडवी ठेवली. मग म्हणाला, "मी एक दिन देखं. बाकीना दिन मी तठे नव्हतू, मनी कंबर धरेल होती. तू किती सकाया वुना नही, ते तुलेच म्हाईत."

मी म्हणालो, "एकच."

"एकच?"

आता हे तुम्हालाही मी सांगितलं, तेव्हा एकच सांगितलं होतं. साहेबांना तर शून्यच सांगितलं होतं. माणूस एकदा शून्य म्हणून बसला की पुढं एक म्हणतानाही त्याला आपण फार मोठं खरं बोललो असं वाटतं. तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून माणसं येताना दिसली. पुढे रुक्मा, पदराखाली पोरगी घेऊन. मागे कोकिळा, लुगड्याने कान बांधलेली. त्यांच्या मागे पितांबर काठी घेऊन.

रुक्माने दारात येऊन भाकरीचा तुकडा नातीवरून उतरवला, लांब टाकला आणि पाऊल उचललं. मी चौकटीला दोन्ही हात लावले.

"आत येऊ नका."

"सरका. पोरगी रात्रभर रडतेय. साप काय ते पितांबर बघेल."

"दाजी, सरका हो," पितांबर म्हणाला. "माझ्यावर सोडा."

"अरे पण दोन दिवस तिकडेच राहू द्या ना! तिकडे काय काटे टोचतात?"

कोकिळा पुढे आली. तिचे ओठ पांढरे पडले होते. ती म्हणाली, "बाबा, मामाच्या घरी पण पहाटे शेगडी विझली. आख्खे निखारे. आणि हिचे पाय कालच्यापेक्षा गार आहेत."

मी पितांबरकडे बघितलं. पितांबरच्या मुलाचं लग्न गेल्या वर्षी जानेवारीत झालं. तीन दिवस मी त्यांच्याच घरी होतो. मांडव, हळद, वरात, पाहुणे. वेधशाळा कुणाला आठवणार! रजिस्टर मात्र मी काखेत नेलं होतं, आणि त्यांच्या माजघरात, धान्याच्या कोठीला टेकून, तिन्ही दिवसांचं एकदमच लिहून काढलं होतं. आबाचे आणे मोठे असले की गोठले, लहान असले की नाही. आदल्या रात्री मी माझ्या हाताने माझ्या नातीचं अंथरूण कुठं घातलं होतं? त्याच माजघरात, त्याच कोठीशी.

आबा पायरीवर बसून जमिनीकडे बघत होता. तो मला वाचवायला काही बोलणार नव्हता.

"साप नव्हता," मी म्हणालो.

मग मी सगळं सांगितलं. दारात उभं राहून, गल्लीतली माणसं ऐकत असताना, लोटनची बायको बादली घेऊन थांबलेली असताना सांगितलं. पलंगावरची नोंद. लग्नातल्या नोंदी. साहेबांसमोर केलेला तमाशा. पितांबर माझ्याकडे असा बघत होता की मी कोणी भलताच माणूस त्याच्या बहिणीच्या घरात शिरलोय.

रुक्मा ओरडली नाही. तिने ओरडावं म्हणून मी वाट बघत होतो. तिने पोरगी आणखी छातीशी घेतली आणि विचारलं, "किती?"

"सात," मी म्हणालो. मग गिळलं आणि म्हणालो, "सात पक्क्या. जास्तही असतील."

"त्यातल्या 'गोठले' लिहिलेल्या किती?"

"लग्नातली एक. आज पहाटे फिटली ती एक. बाकीच्या नोंदी साहेबांच्या पिशवीत आहेत, पुण्याला. मला आठवत नाहीत."

"आकडे राहू द्या," रुक्मा म्हणाली. "कुठं कुठं बसून लिहिलं, ते सांगा."

मी तोंड उघडलं. केंद्राची पडवी. लोटनचा ओटा. शिरपूरच्या दवाखान्यातला बाक, पण तो लिहायला होता की गुडघा दाखवायला? एसटीत, चोपड्याला जाताना? देवळाच्या कट्ट्यावर? बावीस वर्षं मी या गावात जिथं टेकलो तिथं ते रजिस्टर माझ्याबरोबर होतं. कोकिळा नुसती माझ्याकडे बघत होती. तिच्या लेकीला आज दुपारी कुठं झोपवायचं, एवढंच तिला माझ्याकडून हवं होतं.

"थांबा," मी म्हणालो, "आठवतो," आणि मला काहीच आठवेना. रुक्मा पोरीला घेऊन गल्लीच्या मधोमध उन्हात जाऊन उभी राहिली, कुठल्याच घराच्या सावलीत न येता.